प्रवासातले कार्ड आणि बँकेचा संशय

पुरस्कर्ता : क्रेडिट कार्डाचा कोणताही व्यवहार मंजूर होण्याआधी त्याची झडती होते, आणि ती कार्डधारकाला दिसत नाही. दुकानातल्या मशीनवर कार्ड टेकवले की दुकानदाराच्या बँकेकडून एक संदेश निघतो आणि व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेपर्यंत पोहोचतो. संदेशात रक्कम आणि चलन असते, मशीनचा क्रमांक आणि देश असतो, दुकान कशाचे आहे हे सांगणारा चार आकडी संकेतांक असतो. कार्ड कसे वाचले गेले, म्हणजे चिपवरून, चुंबकीय पट्टीवरून, नुसते टेकवून की वेबसाइटवर आकडे भरून, याचीही नोंद त्यात असते. बँकेची संगणकप्रणाली हे सगळे त्या कार्डाच्या आजवरच्या वापराशी ताडून पाहते आणि व्यवहाराला जोखमीचे गुण देते. गुण ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की व्यवहार अडतो. एवढे सारे एका सेकंदाच्या आत उरकते. पूर्वी हे काम माणसांनी लिहिलेल्या नियमांवर चाले : अमुक रकमेच्या वर थांबवा, तमुक देशातून आले तर थांबवा. १९९२ मध्ये सॅन दिएगोच्या एचएनसी सॉफ्टवेअर कंपनीने फाल्कन ही प्रणाली आणली आणि चित्र बदलले. जुन्या खऱ्याखोट्या व्यवहारांवरून यंत्र स्वतःच खुणा शिकू लागले. २००२ मध्ये ती कंपनी आज फायको म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीत विलीन झाली, पण फाल्कन अजून चालू आहे आणि इतर प्रणालीही याच वाटेने गेल्या आहेत. कार्डाच्या सुरक्षेत यापेक्षा उपयोगी शोध क्वचितच लागला असेल.

शंकेखोर : झडती होते याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कशाची होते याबद्दल. यंत्राला माणूस दिसत नाही, माणसाची सवय दिसते. सवय मोडली की संशय, हे त्याचे मूळ सूत्र. आणि प्रवास म्हणजे सवय मोडणेच. दिल्लीच्या द्वारकेतल्या एखाद्या घराचे कार्ड पाहावे. महिनोन्‌महिने त्याचा माग ठरलेला असतो : सेक्टरातली किराणा आणि औषधांची दुकाने, पेट्रोल, वीजबिल, शनिवारी गुरुग्राममधला एखादा मॉल. मग एका पहाटे तेच कुटुंब सेक्टर २१ च्या स्थानकावर एअरपोर्ट एक्स्प्रेस पकडते. त्याच दिवशी त्या कार्डावर विमानतळावरचे दुकान, परकीय चलन, लंडनच्या हॉटेलने आगाऊ अडकवून ठेवलेली मोठी रक्कम, अनोळखी शहरातले रेल्वेचे तिकीट, असे सगळे एकापाठोपाठ येते. कार्डाची नक्कल करणारा चोरही नेमके हेच करतो. नवा देश, मोठी रक्कम, एकामागून एक घाईचे व्यवहार, भारतात रात्र असताना. म्हणजे ज्या खुणांनी चोर ओळखायचा, त्याच खुणा प्रामाणिक प्रवाशाच्याही अंगावर आहेत. अशा यंत्राच्या हाती परक्या देशातल्या माणसाचे जेवण आणि निवारा देणे कितपत योग्य आहे?

पुरस्कर्ता : एकेक खूण सुटी पाहिली तर दोघांचे सारखे दिसते. क्रम पाहिला की फरक कळतो. लंडनला जाणाऱ्याने काही आठवड्यांपूर्वी त्याच कार्डावर विमानाचे तिकीट काढलेले असते, व्हिसाचे शुल्क भरलेले असते, प्रवास-विमा घेतलेला असतो. निघण्याच्या दिवशी विमानतळावरचा एखादा छोटा खर्च असतो. चोराच्या व्यवहारांना असा पूर्वरंग नसतो. दुसरी कसोटी वेळ आणि अंतराची. दिल्लीहून दुबई साधारण २,२०० किलोमीटर, विमानाला साडेतीन ते चार तास. द्वारकेच्या सेक्टर १२ च्या बाजारात संध्याकाळी ७ वाजता चिपवरून व्यवहार झाला आणि त्याच कार्डाची पट्टी दोन तासांनी दुबईत घासली गेली, तर दोहोंपैकी एक खोटा आहे हे समजायला मोठी बुद्धी लागत नाही. तिसरी कसोटी कार्ड कसे वाचले त्याची. चिपची नक्कल करणे अतिशय कठीण, पट्टीची सोपी. म्हणून चिप असलेले कार्ड जिथे पट्टीवरून वाचले जाते तिथे गुण चढतात. चौथी, चाचपणीची. चोरलेले आकडे चालतात का हे पाहायला आधी अगदी किरकोळ रकमेचा व्यवहार होतो आणि काही मिनिटांत मोठा. ही जोडी यंत्राने असंख्य वेळा पाहिलेली असते. द्वारकेच्या सहकारी गृहसंस्थांच्या फाटकावर जो पहारेकरी असतो, तो प्रत्येक अनोळखी माणसाला हाकलत नाही. हातात काय आहे, कोणत्या घरी जायचे आहे, त्या घरी आज कोणी येणार असल्याचे कळवले होते का, हे पाहतो, आणि शंका राहिलीच तर घरी फोन लावतो. बँकेची प्रणाली तेवढेच करते, फक्त लाखो फाटकांवर एकदम.

शंकेखोर : पहारेकऱ्यासमोर माणूस उभा असतो. बँकेसमोर असतो तो संदेश, आणि संदेशातली जागा म्हणजे माणसाची जागा नव्हे. ती दुकानदाराने नोंदवलेली जागा असते. टॅक्सीच्या अ‍ॅपचे पैसे तिसऱ्याच देशातल्या कंपनीच्या नावावर कापले जातात. विमानात घेतलेल्या वस्तूचे बिल विमान उतरल्यावर कधीतरी पुढे सरकते. घरातला एकजण लंडनमध्ये कार्ड टेकवत असतो आणि त्याच वेळी द्वारकेतल्या घरी त्याच कार्डावर किराण्याचे अ‍ॅप आणि फास्टॅग चालू असतात.

पुरस्कर्ता : वेळ-अंतराची कसोटी प्रत्यक्ष कार्ड हातात असलेल्या दोन व्यवहारांनाच लावायची असते. घरून चाललेले अ‍ॅप तिच्यात धरायचे नसते. नीट बांधलेल्या प्रणालीत हा फरक केलेला असतो.

शंकेखोर : नीट बांधलेल्या, हे शब्द महत्त्वाचे आहेत. पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. यंत्र ज्याला जास्त ओळखते त्याला कमी अडवते. वर्षातून दहा वेळा परदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्याचा प्रवास हीच त्याची सवय होते. अडतात ते पहिल्यांदा निघालेले. साताऱ्याहून, नागपूरहून, द्वारकेतल्या एखाद्या फ्लॅटमधून लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आईवडील घ्या. मराठी घरांत हे आता नित्याचे आहे. त्यांचे कार्ड बहुधा नवे, त्याच्यावरचा इतिहास जेमतेम, आयुष्यातला पहिला परकीय व्यवहार थेट औषधांच्या दुकानातला नाहीतर इस्पितळातला. यंत्राच्या नजरेत हेच सर्वांत संशयास्पद. ज्यांना अडचणीतून वाट काढण्याचा अनुभव सगळ्यांत कमी, त्यांच्याच वाट्याला अडथळा सगळ्यांत जास्त येतो. आणि गणित पाहिले तर हे अपवादाने घडत नाही. समजा, १,००,००० व्यवहारांत २० खोटे आहेत. यंत्र फार चांगले आहे, २० पैकी १८ पकडते. खऱ्या व्यवहारांपैकी शंभरात एकच चुकून अडवते. तरीही चुकून अडलेले जवळजवळ १,००० होतात. म्हणजे अडवलेल्या दर ५६-५७ व्यवहारांमागे खोटा एक. बाकीचे सगळे निरपराध. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे चोर सहसा सुटत नाही हे मान्य, पण त्याच्याबरोबर पन्नासाहून जास्त संन्यासी रांगेत उभे राहतात.

पुरस्कर्ता : गणित बरोबर आहे, आणि बँकांनाही ते ठाऊक आहे. म्हणूनच वाढलेल्या गुणांवर एकच उत्तर नसते. थोडे वाढले तर व्यवहार जाऊ देऊन फक्त एसएमएस पाठवायचा. आणखी वाढले तर कार्डधारकाला विचारायचे. अगदी वर गेले तरच नाकारायचे आणि कार्ड तात्पुरते गोठवायचे. मर्यादा कुठे ठेवायची हा बँकेचा निर्णय असतो आणि ती दोन्हीकडे सरकवता येते. पण मर्यादा सैल ठेवल्यावर काय होते तेही सांगायला हवे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याचे उघड झाले. एटीएम चालवणाऱ्या एका सेवा कंपनीच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरले होते. कार्डधारक भारतात आणि त्यांची कार्डे चीन आणि अमेरिकेत वापरली जात आहेत, अशा तक्रारींवरून तो प्रकार लक्षात आला. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तेव्हा सांगितलेली प्रत्यक्ष नुकसानीची संख्या ६४१ ग्राहक आणि सुमारे १ कोटी ३० लाख रुपये अशी होती. ३२ लाख कार्डांच्या मानाने हा आकडा लहान राहिला, कारण गैरवापराचा नमुना वेळेत ओळखून कार्डे बंद केली आणि बदलली गेली. माणूस इथे आणि कार्ड तिथे, ही विसंगती हेरणे हाच तर आपल्या चर्चेचा विषय आहे.

शंकेखोर : मग पुण्याचेही उदाहरण घ्यावे लागेल. ११ ऑगस्ट २०१८, कॉसमॉस सहकारी बँक. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून नकली कार्डांनी पैसे निघाले, भारतातही निघाले, आणि १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय स्विफ्ट व्यवस्थेतून हाँगकाँगच्या एका खात्यात सुमारे १४ कोटी गेले. एकूण लूट सुमारे ९४ कोटींची. पुण्यातल्या बँकेची कार्डे एकाच दुपारी २८ देशांत, याहून मोठी विसंगती कोणती असेल? तरीही पैसे निघत राहिले. कारण हल्लेखोरांनी बँकेच्या स्विचच्या, म्हणजे एटीएमची विचारणा बँकेच्या प्रणालीपर्यंत नेणाऱ्या दुव्याच्या, जागी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली होती. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या खऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती, मंजुरी मधूनच दिली जात होती. संशय घेणारा जिथे बसतो ती खोलीच चोरांच्या ताब्यात गेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा केली. ते मुख्यतः पैसे काढणारे हात होते. यातून निघते ते हे की, एकट्यादुकट्या प्रवाशाच्या हॉटेलच्या बिलावर तीक्ष्ण नजर ठेवणारी व्यवस्था मोठ्या, संघटित लुटीपुढे आंधळी होऊ शकते. त्या लुटीला खरा आळा बसतो तो कार्डाची आणि यंत्रणेची रचना सुधारल्याने. ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत फक्त पट्टी असलेली कार्डे बदलून चिपची द्यायला रिझर्व्ह बँकेने लावले, त्याने पट्टीची नक्कल करणाऱ्यांचा जितका धंदा बसला तितका कोणत्याही गुणांकनाने बसला नसता.

पुरस्कर्ता : रचना सुधारली पाहिजे याबद्दल दुमत नाही, पण ती जिथे संपते तिथेच संशयाची गरज सुरू होते. भारतातली रचना चांगली आहे. १ ऑगस्ट २००९ पासून इथल्या ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना दुसरी ओळख सक्तीची झाली. आज ती आपल्याला ओटीपीच्या रूपाने माहीत आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने सांगितले की मागितल्याशिवाय नवे कार्ड परदेशात चालणारे देऊ नका. १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने त्याही पुढे जाऊन कार्ड देताना ते फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतेच चालू ठेवायला लावले. ऑनलाइन, टेकवून आणि परदेशात वापरायचे असेल तर कार्डधारकाने स्वतः ते चालू करायचे, हवे तेव्हा बंद करायचे आणि प्रत्येक प्रकाराची मर्यादाही स्वतः ठरवायची. कोविडमुळे मुदत वाढली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून हे पूर्णपणे लागू झाले. हा मोठा बदल होता. घरी बसलेल्या माणसाचे कार्ड परदेशात चालणारच नाही, म्हणजे संशय घेण्याची वेळच येत नाही. पण तोच माणूस लंडनला निघाला आणि त्याने परदेशी वापराचे बटण चालू केले की भारताची तटबंदी मागे राहते. परदेशातल्या अनेक वेबसाइट ओटीपी विचारत नाहीत. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात. तिथे कार्डधारक आणि चोर यांच्यामध्ये गुणांकनाशिवाय दुसरे काहीही उभे नसते.

शंकेखोर : हा मुद्दा वजनदार आहे. मात्र त्या बटणाने आणखी एक गोष्ट केली, ती नजरेआड होते. बटण चालू केले म्हणजे माणसाने बँकेला स्वतःहून सांगितले की आता मी बाहेर आहे. त्यानंतरही बाहेरचा व्यवहार झाला म्हणून संशय येत असेल, तर त्या सांगण्याला अर्थ काय उरला?

पुरस्कर्ता : बटण इतकेच सांगते की परदेशी वापराला परवानगी आहे. कोणता देश, कोणत्या तारखा, हे ते सांगत नाही. बरेच जण एकदा चालू करून वर्षानुवर्षे तसेच ठेवतात, त्यामुळे पुराव्याचे वजन त्याला फार थोडे. काही बँका अ‍ॅपमध्ये प्रवासाचे देश आणि तारखा नोंदवायची सोय देतात. ती वापरावी, दुसऱ्या बँकेचे आणि दुसऱ्या जाळ्याचे एक कार्ड वेगळ्या खिशात ठेवावे, निघण्याआधी मोबाइल क्रमांकाला रोमिंग आहे ना ते पाहावे. याने बराचसा त्रास वाचतो.

शंकेखोर : वाचतो, पण मोबाइलचे नाव काढलेत म्हणून खरी दुखरी जागा तिथेच आहे असे म्हणावे लागते. शंका आली की कार्डधारकाला विचारायचे, असे मघाशी म्हणालात. कसे विचारणार? परदेशात उतरल्यावर स्वस्त पडते म्हणून तिथले सिम घातलेले असते. ओटीपी आणि एसएमएस भारतातल्या क्रमांकावर जातात आणि तो क्रमांक पाकिटात पडून असतो. चालू असलाच तर बँकेचा फोन भारतातल्या कामाच्या वेळेत, म्हणजे अमेरिकेत भर मध्यरात्री येतो. आणि समजा, उचलला. आता पलीकडचा आवाज म्हणतो, तुमच्या कार्डावर संशयास्पद व्यवहार झाला आहे, खात्री करायची आहे. गेल्या काही वर्षांत लोकांना सर्वांत जास्त कशापासून सावध केले गेले असेल तर नेमके याच वाक्यापासून. द्वारकेतच, सेक्टर १६ सी मध्ये, दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलचा आयएफएसओ हा सायबर गुन्ह्यांचा तपास करणारा विभाग आहे. बँकेचा माणूस असल्याचे भासवून फसवणे हा या गुन्ह्यांतला अगदी नेहमीचा प्रकार. पोलीस, रिझर्व्ह बँक आणि बँका स्वतः सांगतात की असा फोन आला तर विश्वास ठेवू नका, ठेवून द्या. मग प्रवाशाने फोन ठेवला, तर बँकेच्या नोंदीत खात्री झाली नाही असे येते आणि कार्ड गोठलेलेच राहते. सावध राहणाऱ्याला सावधपणाचीच शिक्षा होते.

पुरस्कर्ता : ही कोंडी खरी आहे, आणि ती फोडण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०२५ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना व्यवहारविषयक फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करायला सांगितले. बँकांच्या वेबसाइटसाठी बँक डॉट इन हे वेगळे क्षेत्रनाम आले. चोर कोण आणि बँक कोण हे वेगळे ओळखता यावे, हाच हेतू. त्याहून चांगला उपाय म्हणजे फोन करायचाच नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये सूचना यावी, प्रवाशाने तिथल्या वाय-फायवर अ‍ॅप उघडून हो किंवा नाही सांगावे. त्याला सिम लागत नाही आणि परक्या आवाजावर विश्वास ठेवावा लागत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल व्यवहारांच्या ओळखपडताळणीचे जे नवे निर्देश काढले, त्यांत दुसरी ओळख ओटीपीचीच हवी असा आग्रह नाही. ठिकाण, उपकरण, वापराची सवय आणि जुने व्यवहार पाहून जोखमीनुसार पडताळणी कमीजास्त करायला त्यांत वाव दिला आहे. परदेशी वेबसाइटवरच्या व्यवहारांसाठीही बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जोखीम पाहून निर्णय करणारी व्यवस्था उभारायची आहे. म्हणजे मघाशी जी उघडी बाजू सांगितली, ती बुजवायचे काम हाती घेतले गेले आहे.

शंकेखोर : ठिकाण, असे त्या यादीत आहे. अ‍ॅप फोनमध्ये आहे आणि फोन कुठे आहे ते अ‍ॅपला कळू शकते.

पुरस्कर्ता : कळू शकते, परवानगी दिली तर. आणि कळले तर निम्मा प्रश्न सुटतो. कार्ड लंडनमध्ये, फोनही लंडनमध्ये, तर व्यवहार बहुधा खरा. कार्ड लंडनमध्ये आणि फोन द्वारकेत, तर थांबवा. यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणार नाही. मघाच्या आईवडिलांनाही याचाच सर्वांत जास्त उपयोग, कारण त्यांच्याकडे जुन्या प्रवासाचा इतिहास नसला तरी फोन आहे.

शंकेखोर : म्हणजे संशय कमी व्हावा म्हणून माणसाने आपण कुठे आहोत हे बँकेला सतत सांगत राहायचे. पैशाच्या व्यवहाराची नोंद बँकेकडे असते ती व्यवहारापुरती. ठिकाणाची नोंद आयुष्याची असते : कोणत्या डॉक्टरकडे, कोणाच्या घरी, कोणत्या सभेला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती आणि हेतू यांची चौकट घातली आहे. पण परक्या शहरात कार्ड अडेल या भीतीने दिलेली संमती किती मोकळी असते? आणि जो देणार नाही, त्याच्या व्यवहाराचे गुण आपोआप चढे राहतील. नकार देणे हीच संशयाची आणखी एक खूण होऊन बसेल. जिथे थांबायला हवे ती रेषा इथे आहे असे मला वाटते, आणि ती बँकेने एकटीने आखता कामा नये.

पुरस्कर्ता : व्यवहाराच्या क्षणापुरते ठिकाण पाहून ते साठवून न ठेवणे शक्य आहे. तंत्राला ते अवघड नाही, तसा नियम हवा. पण तुमच्या बोलण्यात सारखे असे गृहीत दिसते की संशयाचा लाभ फक्त बँकेला होतो. तसे नाही. चोरी झाली तर पहिला धक्का कार्डधारकालाच बसतो.

शंकेखोर : धक्का बसतो, पण नुकसान कोणाचे हे नियमाने बऱ्याच अंशी ठरवले आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे त्रयस्थाकडून माहिती फुटली, त्यात ना बँकेची चूक ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवले तर ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याहून मोठ्या मर्यादेला २५,०००. रक्कम दहा कामकाजी दिवसांत तात्पुरती परत जमा करायची, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. हा अतिशय चांगला नियम आहे. पण आता त्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहू. बँकेने चुकून खरा व्यवहार नाकारला. हॉटेलने खोली दिली नाही, गाडी चुकली, दुप्पट भावाने रोख बदलून घ्यावी लागली. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने फसलेल्या व्यवहारांसाठी दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवली, ती पैसे खात्यातून गेले पण व्यवहार पुरा झाला नाही, अशा प्रकारांसाठी. नाकारलेल्या व्यवहारात पैसे गेलेलेच नसतात, म्हणून ती भरपाई इथे लागू पडत नाही. परिणाम असा की चोर सुटला तर बँकेच्या ताळेबंदात तोटा दिसतो आणि प्रवासी अडला तर कुठेच काही दिसत नाही. मर्यादा सरकवणाऱ्याच्या समोर एकाच बाजूचे वजन ठेवले आहे. मग ती कोणत्या बाजूला सरकेल?

पुरस्कर्ता : अगदीच काही दिसत नाही असे नाही. अडलेला माणूस ते कार्ड मागे ठेवतो आणि दुसरे वापरू लागतो. बँकेचे उत्पन्न तिथे घटते, आणि हे बँका मोजतात. खरे ग्राहक किती अडले, ही संख्या कमी करणे हा या क्षेत्रात गुणवत्तेचा निकष मानला जातो.

शंकेखोर : दुसरे कार्ड असलेल्यांच्या बाबतीत. एकच कार्ड असणाऱ्याचा त्रास त्या मोजणीत येत नाही. नुकसान कोणावर टाकले यानेच वागणे बदलते, याला अमेरिकेचा दाखला आहे. तिथे दुकानांत वर्षानुवर्षे पट्टीच चालत होती. ऑक्टोबर २०१५ पासून कार्ड कंपन्यांनी नियम केला की चिप वाचण्याची सोय ज्याच्याकडे नाही, नकली कार्डाचे नुकसान त्याच्या माथी. त्यानंतर दुकानदारांनी मशीन बदलायला सुरुवात केली. चुकून अडवण्याचेही काही मोल बँकेच्या माथी आले, निदान किती खरे प्रवासी अडवले हे जाहीर करावे लागले, तर यंत्रही वेगळे शिकेल.

पुरस्कर्ता : जाहीर करण्याला विरोध नाही. उलट चांगल्या बँकांना त्याचा फायदाच होईल. भरपाईबद्दल मात्र अडचण आहे. प्रत्येक चुकीच्या नकाराला दंड लावला तर बँक मर्यादा सैल करील आणि चोरी वाढेल. तिचा खर्च अखेर शुल्काच्या रूपाने सगळ्याच कार्डधारकांवर पडेल, कधीही परदेशी न जाणाऱ्यांवरही. आणि नकार चुकीचा होता की बरोबर, हे त्या क्षणी कोणालाच माहीत नसते. कारण सांगण्याचेही तसेच. मशीनला जाणाऱ्या उत्तरात संकेतांक असतो. ५१ म्हणजे पुरेसे पैसे किंवा मर्यादा शिल्लक नाही, ५९ म्हणजे फसवणुकीचा संशय, पण पुष्कळदा बँक मोघम ०५ पाठवते, ज्यातून काहीच कळत नाही. ते मुद्दाम असते. काउंटरवर चोर उभा असेल तर त्याला नेमके कारण सांगणे म्हणजे पुढच्या वेळी काय टाळावे ते शिकवणे.

शंकेखोर : काउंटरवर सांगू नये, हे पटते. पण अ‍ॅपमध्ये, ओळख पटल्यावर, त्याच कार्डधारकाला का सांगू नये? तुमचा व्यवहार पट्टीवरून वाचला गेला म्हणून थांबवला, चिप वापरून पुन्हा करा, असे एक वाक्य मिळाले तर ती रात्र निभावते. आज त्याला मिळते ते फक्त डिक्लाइन्ड. कस्टमर केअरला फोन केला तर तिथल्या माणसालाही बहुधा गुण दिसतात, कारण दिसत नाही.

पुरस्कर्ता : ओळख पटल्यावर कारण सांगणे, हे मी मान्य करतो. अडचण उरते ती यंत्राची. शेकडो खुणांचे मिळून गुण झालेले असतात, त्यातली एक उचलून हेच कारण म्हणणे पुष्कळदा खरे नसते. सोपे कारण हवे असेल तर सोपे नियम ठेवावे लागतील, आणि सोपे नियम चोर लवकर शिकतो. तरीही एक वाट दिसते. मर्यादा कार्डधारकालाच ठरवू द्यावी. प्रवासाच्या तारखांपुरते तो सांगेल : मला कमी अडवा, जोखीम मला चालेल. किंवा : थोडी शंका आली तरी थांबवा.

शंकेखोर : आणि कमी अडवा म्हटलेल्याच्या कार्डावर चोरी झाली, तर २०१७ च्या नियमातली शून्य जबाबदारी त्याला मिळेल का? की मर्यादा तूच सैल केलीस, ही त्याची चूक धरली जाईल?

पुरस्कर्ता : चूक धरली तर कोणी ती मर्यादा सैल करणारच नाही. न धरली तर सगळेच करतील आणि तोटा बँक सोसेल. मधला हिस्सा किती, हे आजच्या कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.